मुंग्यांच्या घरी नारळ

(सुरत, अमरोलीच्या पुढची एक रो-हाऊस सोसायटी. रविवार, सकाळचे नऊ. घरापुढे बारा बाय पंधराचं लॉन, त्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची. दगा, त्याचा मुलगा योगराज आणि सून धनश्री.)

योगराज : आप्पा, पाय वर घ्या आधी. चपलेवर चढल्या बघा.

दगा : चढू दे. माले नही चावतस त्या.

योगराज : तुम्हाला नाही चावत, पण गायत्रीला चावल्या ना! घोट्यापर्यंत पाय सुजला होता पोरीचा. चार वर्षांची पोर, दोन दिवस चप्पल घालता आली नाही तिला.

दगा : माहीत शे माले. मीच नेयेल व्हतो तिले डॉक्टरकडे.

योगराज : मग? पाच महिने झाले, मी हात धुऊन यांच्या मागे लागलोय. उकळतं पाणी टाकलं, तर गवतच जळालं. हळद टाकली, तर मुंग्या पिवळ्या होऊन फिरायला लागल्या, लग्नाला निघाल्यासारख्या. साखरेत बोरिक पावडर कालवून ठेवली. साखर खाल्ली, पावडर ठेवली. नर्सरीवाल्या काकांचं औषध मारलं बारा दिवस. शेवटी काकांनीच हात जोडले. म्हणाले, "भाई, आवी कीडी में जिंदगी मां जोई नथी." अशी मुंगी जन्मात बघितली नाही म्हणे.

दगा : म्हातारा शे तो. त्याले काय दिसस.

योगराज : चार दिवस गायब होतात, पाचव्या दिवशी परत हजर. आणि परत त्याच कोपऱ्यात. एवढं लॉन पडलंय, दुसरीकडे जायला नको यांना!

दगा : कोपरामा सावली शे. गार ऱ्हास तठे.

योगराज : सावली टाकीखाली पण आहे. तिकडे एक मुंगी दाखवा मला.

धनश्री : चहा घ्या आधी, मुंग्या काही पळून जात नाहीत. आप्पा, हा तुमचा, बिनसाखरेचा. हितेशभाई किती वाजता येणार आहेत हो?

योगराज : अकराला. त्यांची दोन माणसं लॉन उचलतील, उद्या-परवा पेव्हर ब्लॉक बसवतील. दोन वाजता माझी सेकंड शिफ्ट आहे, त्याच्या आत माझ्यासमोर काम सुरू झालं पाहिजे. एकदा हजिऱ्याच्या प्लांटच्या बसमध्ये बसलो की इकडे कोण काय करेल, भरवसा नाही.

दगा : पुरं लॉन काढतस का?

योगराज : पुरं.

दगा : अर्धं काढ. हाऊ कोपरा राहू दे.

योगराज : आप्पा, मुंग्या कोपऱ्यातच आहेत!

धनश्री : जरा हळू बोला. कोपरा का म्हणतायत ते कळत नाही का तुम्हाला? आईंची खुर्ची आहे तिथे.

योगराज : कळतं. मला काय आनंद होतोय का? हे घर घेतलं तेव्हा मी मायला विचारलं होतं, पुढच्या जागेत काय करू, गाडीसाठी शेड टाकू का? म्हणाली, "शेड नको. माले घास पाहिजे, बसाले." तीस वर्षं कोसाडच्या खोलीत फरशीवर बसून साड्यांना स्टोन चिकटवले तिनं. गुडघे आखडून गेले होते. मीच वडोद्याहून कार्पेट घास मागवली, मीच पाणी घातलं.

धनश्री : पहिल्या दिवशी बसल्याच नव्हत्या त्या. कडेला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इतली हिरवी शे, दाबाई जाई."

दगा : मीच बसाडं मंग तिले. हात धरीसन.

योगराज : बसली ना? दोन हिवाळे बसली. झालं ते. आता पोरगी खेळायला आली की मुंग्या चावतात. माय असती तर तिनंच सांगितलं असतं, पोर पहिले, घास मागून.

दगा : ...ते बी खरं शे.

धनश्री : मग आणखी एक महिना बघू या ना. घाई कशाला?

योगराज : पाच महिने तेच बघतोय. ते खुरपं दे मला. हितेशभाई म्हणाले, मुंग्यांचं मूळ घर खोदून काढा, नाहीतर ब्लॉकच्या फटीतून वर येतील. आप्पा, खुर्ची सरकवा.

दगा : आते नको खोद.

योगराज : का?

दगा : आज अमास शे. अमासले जमीनले लोखंड लावू नही.

योगराज : हजिऱ्याला अमावस्येला पण जेसीबी चालतो, आप्पा. उठा.

दगा : ऊन उतरू दे. संध्याकायले मीच खोदसू.

योगराज : संध्याकाळी मी इथे नाही. उठा म्हणतो ना. धनश्री, खुर्ची घे ती.

धनश्री : आप्पा, तुम्हाला एवढा घाम का आला? बरं वाटत नाही का?

दगा : चहा गरम व्हता.

योगराज : आई गं! बघ, बघ, माती नुसती वळवळतेय. थांब, खाली काहीतरी लागलं. दगड आहे.

धनश्री : दगड नाही तो. केसाळ आहे. शेंडी आहे त्याला.

योगराज : नारळ?

धनश्री : नारळ आहे.

योगराज : नारळ इथे कुठून आला? सरक. हात नको लावू. हात नको लावू म्हणतो ना! एका डोळ्याला भोक पाडलंय बघ. आत काहीतरी भरलंय.

धनश्री : पीठ दिसतंय.

योगराज : तिकडे अजून एक आहे. आणि हा तिसरा. धनश्री, तू घरात जा. गायत्रीला बाहेर येऊ देऊ नको.

धनश्री : का?

योगराज : का काय? दिसत नाही? करणी केलीय कोणीतरी. भोक पाडलेला नारळ, आत पीठ, घरासमोर पुरलेला. गावाला भिकन काकांच्या ओट्याखाली असाच निघाला होता. सहा महिन्यांत म्हशी गेल्या त्यांच्या. मी म्हणतो, औषधं का लागू पडत नाहीत! माय गेली ती पण...

धनश्री : काहीही काय! आईंना हार्टचा त्रास होता. आणि एवढ्या मोठ्या प्लांटमध्ये मशिनरी सांभाळता तुम्ही, माझ्या शाळेतली मुलं ऐकतील तर हसतील.

योगराज : प्लांट वेगळा, हे वेगळं. मला माहितीय कोणाचं काम आहे. बाबुराव! मोरीच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही. भिंतीला लागून आहे त्याचं घर. रात्रीतून एक उडी मारली की झालं.

धनश्री : बाबुराव काकांचे दोन्ही गुडघे बदललेत. ते उडी मारणार?

योगराज : मग त्याची बायको.

धनश्री : एक मिनिट गप्प बसा. मला वास घेऊ द्या.

योगराज : वास घेऊ नको! वेडी आहेस का?

धनश्री : तूप आहे यात. साजूक. आणि गूळ. करणीत कोणी साजूक तूप घालतं का हो? बाबुराव काकांच्या घरी भाजीला तेल मोजून घालतात.

योगराज : ते मला माहीत नाही. मी विचारूनच येतो. सोसायटीच्या चार लोकांसमोर विचारतो. ओ बाबुराव! बाबुराव, बाहेर या जरा!

दगा : योगराज. नको बोलाऊ त्याले.

योगराज : तुम्ही मध्ये पडू नका, आप्पा.

दगा : त्यानं काही करं नही. मीच पुरेल शेतस.

योगराज : काय?

दगा : नारय. मीच पुरेल शेतस ते.

धनश्री : आप्पा...

योगराज : तुम्ही? इथे? कशाला?

दगा : तुनी मायसाठी.

योगराज : नीट सांगा.

दगा : तू आरडू नको, मंग सांगस. आठे बस. तुले याद शे का, कोसाडले हंसाबेन ऱ्हाये शेजारी?

योगराज : आहे ना. मला ढोकळा द्यायच्या.

दगा : तिनं शिकाडं तुनी मायले. कीडियारुं म्हनतस ते लोक. मुंग्यासले जेवाडानं. दर अमासले नारयना डोयाले भोक पाडानं, पानी काढी लेवानं, मंग पीठ, गूय, तूप भरानं. मी जेवाले बसू अन् ती समोर बशीसन भरे. बारीक चमचावरी. दुसरा दिन नारय घरमा नही. एकदा मी पुसं, कठे ठेवं वं? ती म्हने, मुंग्यासना घरमा.

योगराज : आणि म्हणून तुम्ही...

दगा : माले तितलंच माहीत व्हतं ना, भो. मी बारा-बारा तास लूमवर. ती काय करस, कठे जास, मी कव्हय पाहं? भरतानी पाहं, तितलंच पाहं. ती गई अन् पहिली अमास उनी. कणीकना डबा उघडा अन् माले वाटनं, आज मुंग्या उपाशी ऱ्हातीन. मंग एक नारय भरा. आते मुंग्यासनं घर कठे? मी पाहं, तिनी खुर्चीना खाले एक बीळ व्हतं. तठेच पुरा.

धनश्री : म्हणजे आई गेल्यापासून...

दगा : दर अमासले. तू शाळामा ऱ्हास, हाऊ शिफ्टले. दहा व्हई ग्यात.

योगराज : दहा नारळ? या लॉनखाली दहा नारळ आहेत?

दगा : एक-एक हातना अंतरवर.

योगराज : आप्पा, मी पाच महिने विष घालतोय आणि तुम्ही खालून साजूक तूप घालताय!

धनश्री : हसू नका ना.

योगराज : मी हसत नाहीये. मला काय होतंय तेच कळत नाही. अरे, म्हणूनच! हे बघ, नारळातच घर केलंय यांनी. आत अंडी पण आहेत, पांढरी पांढरी. वरून औषध मारलं की या आत बसून गूळ खायच्या. औषध धुऊन गेलं की बाहेर.

दगा : माले काय माहीत, त्या तठेच बिऱ्हाड करतीन? माले वाटे, खातीन अन् जातीन.

धनश्री : मग बोलला का नाहीत तुम्ही? हे रोज पावडर घेऊन फिरत होते, तुम्ही बघत होतात.

दगा : काय बोलू? तुम्ही शिकेल-सवरेल लोक. म्हनशात, म्हाताराचं डोकं फिरनं. अन् माले दोन्ही पाहिजे व्हतं, बेटा. तिनी घास बी पाहिजे व्हती, अन् तिनं काम बी चालू पाहिजे व्हतं. पन पोरना पाय सुजना ना, त्या दिनपासून माले झोप नही. मी दवाखानामा तिले मांडीवर लीसन बसू, अन् ती पुसे, "आजोबा, मुंग्या का चावल्या?" काय सांगू मी तिले? मना मुये चावल्यात.

योगराज : तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?

दगा : मुद्दाम नही करं, पन करं ना. आज मी सकायपासून तेच म्हनी ऱ्हायनू, सांगी देवानं. अन् सांगानी हिंमत नही व्हये. जाऊ दे आते. बोलाव त्या हितेसभाईले. काढ पुरं लॉन, कोपरासकट. मनी चूक शे, मी काही म्हननार नही.

धनश्री : आप्पा, एक सांगू? आई घराजवळ ठेवत नव्हत्या नारळ.

दगा : मंग?

धनश्री : घरापासून लांबच ठेवायचा असतो तो. झाडाच्या मुळाशी, जिथे माणसांची वर्दळ नाही तिथे. हंसाबेननी त्यांना तसंच सांगितलं होतं. कोसाडच्या मागे कॅनॉल आहे ना? त्याच्या पलीकडे शमीचं झाड आहे, जुनं, वाकलेलं. तिथे ठेवायच्या.

दगा : तुले कसं माहीत?

धनश्री : मी गेलेय त्यांच्याबरोबर. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. मला म्हणाल्या, चल, भाजी घेऊन येऊ. भाजीबाजार राहिला बाजूला, मला कॅनॉलवर घेऊन गेल्या. नंतर गायत्रीच्या वेळेस दिवस गेले होते तेव्हा पण.

योगराज : मला कधी बोलली नाहीस.

धनश्री : त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाल्या, बाप-लेकाला सांगू नको, दोघं हसतील.

दगा : आठे ऱ्हावाले उनूत, तवय बी जाये ती?

धनश्री : शेवटच्या महिन्यापर्यंत. शटल रिक्षानं जायच्या. पिशवीत नारळ, वर कोथिंबिरीची जुडी ठेवायच्या.

दगा : अरे देवा. अमासना दिन ती भाजी लेवाले जाये अन् दोन-दोन तास लावे. घर ये तं पिशवीमा सकायनी कोथिंबीर, कोमायेल. मी बोलू तिले. म्हनू, इतला येय काय बजार इकत लेवाले गयथी का? ती काहीच नही बोले. हसे नुसती, अन् पानी पे.

धनश्री : तुम्ही रागावलात की मला सांगायच्या. म्हणायच्या, "आज पन बोलनी खादी."

दगा : मी कसाले बोलू तिले...

योगराज : जाऊ द्या, आप्पा. आप्पांना काय माहीत होतं का, धनश्री, की ती... बरं, एक मला सांग. तिनं हे सुरू कधी केलं, तुला माहितीय?

धनश्री : ते नाही बोलल्या कधी. हंसाबेननी शिकवलं एवढंच.

दगा : तुना बारावीना वरीसले. तू पास व्हवाले पाहिजे म्हनीसन. माले तं तसंच वाटनं.

योगराज : बारावीसाठी नाही. मी होतो तिथे.

दगा : कठे?

योगराज : कोसाडला, गच्चीवर. पुराच्या वेळी. दोन हजार सहा. तुम्ही कतारगामला लूमच्या खात्यात, कारखान्यातच अडकला होता ना?

दगा : चार दिन. वरना मजलावर, चौदा मानसं. खाले सगळे मशीन पानीमा. पूल बंद. तुमनी काहीच खबर नही.

योगराज : आम्हाला पण तुमची नाही. खोलीत पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा मी, माय आणि हंसाबेनचं घर, सगळे वरच्या गच्चीवर चढलो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी ओरडलं, कतारगामला एक खातं पडलं, माणसं गेली. कोणतं खातं ते कोणाला माहीत नाही. माय काही बोलली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. आणि त्या भिंतीवर मुंग्या आल्या होत्या. खालून, जिन्यातून, पाण्याच्या पुढे पुढे. हजारो. भिंत लाल दिसायला लागली.

धनश्री : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.

योगराज : त्या दिवशी हेलिकॉप्टरनं पुडे टाकले होते. माझ्या वाट्याला एक बिस्कीट आलं, मायच्या वाट्याला एक. तिनं तिचं मला दिलं नाही. अर्धं तोडलं, चुरलं आणि भिंतीच्या कडेला मुंग्यांना टाकलं. मी रडलो. सतरा वर्षांचा घोडा, बिस्किटासाठी रडलो. म्हणालो, माय, आम्ही उपाशी आणि तू मुंग्यांना काय देते? हंसाबेन मला म्हणाल्या, "बेटा, आपवा दे एने." दे म्हणाल्या, देऊ दे तिला.

दगा : अन् चौथा दिन मी उनू.

योगराज : चौथ्या दिवशी तुम्ही आलात. कमरेइतक्या चिखलातून, एका पायात चप्पल. मी इतकी वर्षं मनात ते बिस्कीटच धरून बसलो. रागच होता मला त्या बिस्किटाचा. पुढच्या अमावस्येला तिनं पहिला नारळ भरला, ते मी बघितलं होतं. पण हे दोन्ही मी कधी जोडलं नाही. आत्ता तुम्ही बोलताय तेव्हा जोडलं जातंय.

दगा : म्हनजे ते... मनासाठी व्हतं?

धनश्री : हो, आप्पा. आता मलाही कळतंय. त्या झाडाखाली नारळ ठेवताना काय म्हणायच्या ते मी ऐकलंय. तुमचं नाव तर त्या घेत नव्हत्या कधी. म्हणायच्या, "माय वं मुंगी, पोट भरीसन खाय, अन् आमना मानूसले घर येऊ दे." मला वाटायचं, यांच्यासाठी म्हणतात, लेकासाठी. पण लेकाला कोणी 'आमना मानूस' म्हणत नाही, नवऱ्याला म्हणतात.

दगा : आमना मानूसले घर येऊ दे.

धनश्री : एवढंच. दुसरं काही मागायच्या नाहीत.

दगा : अन् मी जेवाले बसू तिना समोर. ती नारय भरे अन् मी म्हनू, तूप मानसासले घाल जरा, मुंग्यासले कितलं घालस. अरे, मनासाठीच भरी ऱ्हायंती ती! अठरा वरीस. मना समोर बशीसन. एक सबद बोलनी नही.

योगराज : बोलली असती तर तुम्ही हसला असता.

दगा : हसनू असतू. हो. हसनूच असतू.

योगराज : मी पण.

धनश्री : एकदा मी विचारलं होतं त्यांना. तुम्ही तेव्हा काम सोडलं होतं, घरीच असायचात. मी म्हटलं, आई, आता आप्पांना पण शिफ्ट नाही, एवढ्या उन्हात कशाला जाता? तर म्हणाल्या, "मुंग्यासले आते सवय व्हई गई. आपलं काम झालं म्हनीसन जेवन बंद करानं, हे बरं दिसस का?"

दगा : तिनंच बोलनं शे हे. तिनंच.

धनश्री : रडू नका, आप्पा.

दगा : रडू दे, बेटा. ती गई तवय लोक इतला व्हतात, माले रडता उनं नही. तेराव्याले तं मी मंडपवालासंगे भांडी ऱ्हायंतू.

योगराज : फोन वाजतोय माझा. हितेशभाई असतील. हॅलो. हा, हितेशभाई. ना, निकळता नहीं. ना ना, बीजा कोई ने काम नथी आप्युं. लॉन नथी काढवानुं हमणां. कीडी? कीडी नुं घर मळी गयुं. हा. आजे ज मुकी आवीए छीए. क्यां? एमना असली ठेकाणे. चालो, जय श्रीकृष्ण.

धनश्री : नाही म्हणालात?

योगराज : एक महिना बघू. दहाही नारळ काढतो, मातीसकट. बादल्यांमध्ये भरू, वरून ओलं गोणपाट टाकू, आणि आजच त्या शमीपाशी नेऊन ठेवू. अंडी आत आहेत म्हणजे बाकीच्या मागे राहायच्या नाहीत. गवताचे तुकडे परत दाबून बसवतो, पंधरा दिवसांत धरतील. पण गायत्री महिनाभर इथे पाय ठेवणार नाही.

दगा : मी बशीसन राखण करसू. पाय ठेवू देवाव नही तिले.

योगराज : तुम्ही घमेलं धरा. आणि आप्पा, नारळ कुठे कुठे आहेत ते बोटानं दाखवा. अंदाजे नको.

दगा : अंदाजे कसाले? एक हाऊ. एक आठे. त्या गुलाबना खाले एक. पितृअमासना तो.

धनश्री : आणि अकरावा?

दगा : कोनता अकरावा?

धनश्री : आजच्या अमावस्येचा, तुमच्या कॉटखाली ठेवलाय तो, सकाळी झाडताना दिसला मला. कणकेच्या डब्यामागून गूळ कमी झाला की मला कळतं, आप्पा. मला वाटायचं, डायबिटीस असून तुम्ही चोरून खाता. आठ दिवस मी तुमच्यावर चिडून होते.

दगा : म्हनीसन बिनसाखरना चहा व्हता का?

धनश्री : तो तर राहणारच. चला, आणा तो. मी रिक्षा बघते. दुपारच्या आत झाडापाशी पोहोचू. मी दाखवते ना तुम्हाला जागा.

दगा : तीळ घाले का ती?

धनश्री : घालायच्या. काळे, चिमूटभर. वरून.

दगा : मी नही घालेत. दहाही मा नही घालेत.

धनश्री : आज घालू. मी घेते बरोबर.

दगा : लांब शे का गं? मना गुडघा...

धनश्री : कॅनॉलपर्यंत रिक्षा जाते. पुढे थोडं चालायचं. आई मध्ये एका दगडावर बसायच्या दम घ्यायला, आपण पण बसू.

दगा : तो दगड बी दाखाड माले. अन् धनश्री...

धनश्री : बोला ना.

दगा : तठे मी म्हनू काय? ती जे म्हने, ते मी कसं म्हनू? आमनं मानूस तं आते घर येवाव नही.

योगराज : आप्पा.

दगा : हां?

योगराज : आज माझी सेकंड शिफ्ट आहे. रात्री घरी यायचंय मला.